हरवलेला सोर्स कोड आणि एक कॉन्चेर्टो

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गिटार घेऊन आलेला प्रत्येक प्राणी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट वाजवतो: 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात. आमच्या विंगमध्ये तीन गिटारी होत्या. तिन्हींवर तेवढंच यायचं आणि त्यातल्या दोन कायम बेसूर असायच्या. त्यामुळे डीप पर्पल म्हणजे रात्री साडेबाराला शेजारच्या खोलीतून येणारा त्रास, एवढीच माझी त्या बँडबद्दलची समजूत होती.

मग एका सीनियरने एमपीथ्रीने ठासून भरलेली एक सीडी दिली. त्यात डीप पर्पलच्या फोल्डरमध्ये तीनच फाइल्स, त्याही पंधरा-वीस मिनिटांच्या. लावली, तर नुसती व्हायोलिनं. म्हटलं नाव चुकलेलं दिसतंय. तेव्हा हे सर्रास व्हायचं, एकाच्या नावाखाली भलत्याचंच गाणं निघायचं. तीन मिनिटं झाली, चार झाली, व्हायोलिनं काही थांबेनात. मी बंद करणार इतक्यात, सहा-सात मिनिटांनंतर, ड्रम्स, ऑर्गन आणि गिटार असे काही अंगावर आले की हातातला चहा चादरीवर. पुढची पंचेचाळीस मिनिटं मी काही कळलं नाही तरी ऐकत बसलो.

ते होतं 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. २४ सप्टेंबर १९६९ च्या रात्री लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजलं, त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत आणि १९७० च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये आल्बम म्हणून आलं. त्याची जन्मकथा मजेदार आहेच, पण मला त्याच्या मरणाची आणि पुन्हा जिवंत होण्याची गोष्ट जास्त जवळची वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी जन्म. जॉन लॉर्ड हा डीप पर्पलचा ऑर्गनवादक. १९४१ चा जन्म, गाव लेस्टर. लहानपणी रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकला. लंडनला आला तो मात्र नाटक शिकायला, आणि पोटासाठी क्लबांमधून ऑर्गन बडवायला लागला. १९६८ मध्ये डीप पर्पल सुरू झालं. त्यांचं 'हश' हे गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरापर्यंत गेलं, पण स्वतःच्या देशात त्यांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. तीन आल्बम काढले, इंग्लंडच्या यादीत एकही नाही.

लॉर्डच्या डोक्यात एक खूळ होतं. डेव्ह ब्रुबेकच्या जॅझ चौकडीने लेनर्ड बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर केलेली रेकॉर्ड त्याने ऐकली होती. जॅझवाले एका बाजूला, ऑर्केस्ट्रा दुसऱ्या बाजूला आणि दोघांचा संवाद. रॉकचं असं का करू नये? हे तो येताजाता बोलून दाखवायचा, जसं आपण 'एकदा लडाखला जायचंय' म्हणतो तसं. बोलायला काय जातं!

पण बँडचा मॅनेजर टोनी एडवर्ड्सने ते मनावर घेतलं. त्याने सरळ अल्बर्ट हॉलची तारीख घेऊन टाकली, आणि मग येऊन लॉर्डला सांगितलं की बाबा रे, सप्टेंबरमध्ये तुझा कॉन्चेर्टो आहे, तेवढा लिहून टाक. आपल्या धंद्यातल्या मंडळींना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. सेल्सवाला आधी क्लायंटला डिलिव्हरीची तारीख देतो आणि मग डेव्हलपरला विचारतो, 'जमेल ना?' पंचावन्न वर्षांत काहीही बदललेलं नाही. :)

लॉर्डने लिहिला. बँडचे कार्यक्रम चालूच होते, त्यातून उरलेल्या रात्रींत लिहिला. त्यातच १९६९ च्या उन्हाळ्यात बँडचा गायक आणि बेसवादक बदलले. इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर नवीन आले आणि आल्या आल्या त्यांना कळलं की आपल्याला शंभरेक सुटाबुटातल्या लोकांबरोबर वाजवायचंय.

इथे थोडं थांबून 'लिहिला' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपल्याकडे बंदिश गळ्यातून गळ्यात जाते. कागदावर असली तरी तो नुसता सांगाडा असतो. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचं तसं नाही. तिथे संगीतकार एक मोठा स्कोअर लिहितो. एका पानावर वीस-पंचवीस ओळी, प्रत्येक ओळ एका वाद्याची: बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी, पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, डबल बेस. कोणत्या क्षणाला कोणी कोणता स्वर किती जोरात वाजवायचा हे सगळं त्यात. त्यावरून प्रत्येक वादकासाठी त्याची त्याची ओळ वेगळी उतरवून काढतात, त्याला पार्ट म्हणतात. वादकासमोर फक्त त्याचा पार्ट, अख्खं चित्र एकट्या कंडक्टरसमोर. म्हणजे स्कोअर हा सोर्स कोड, आणि त्या रात्री हॉलमध्ये ऐकू येतं ते चालू प्रोग्रॅम. लॉर्डने असा पाऊण तासावर चालणारा सोर्स काही महिन्यांत लिहिला, आणि तोही एवढ्या मोठ्या कॅनव्हासचा आधीचा अनुभव नसताना. (त्यांच्या तिसऱ्या आल्बममध्ये 'एप्रिल' नावाचा एक तुकडा आहे, त्यात त्याने थोडासा सराव करून घेतला होता.)

रॉकमध्ये ऑर्केस्ट्रा काही नवा नव्हता. बीटल्सनी १९६७ मध्ये 'अ डे इन द लाइफ'साठी चाळीस वादक बसवले होते. त्याच वर्षी मूडी ब्लूजचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' आला. पण तिथे बँडने आपलं वाजवलं, ऑर्केस्ट्राने आपलं, आणि स्टुडिओत दोन्ही शेजारीशेजारी जोडलं. लॉर्डला दोघांना एका मंचावर एकाच वेळी उभं करायचं होतं, लोकांसमोर. चूक झाली तर झाली, रीटेक नाही.

यात मोठी भानगड होती. रॉक बँड ताल ड्रमवरून घेतो, ठोका पडला की सगळे त्याच क्षणी त्यावर. ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या हाताकडे बघून वाजवतो, आणि अनुभवी ऑर्केस्ट्राचा आवाज त्या हाताच्या किंचित मागून येतो, ती त्यांची सवय असते. म्हणजे एका मंचावर दोन घड्याळं. त्यात एकीकडे अँप्लिफायरच्या भिंती, दुसरीकडे नुसत्या लाकडाच्या पेटीतून निघणारा व्हायोलिनचा आवाज. आणि जागा कोणती, तर अल्बर्ट हॉल, जो प्रतिध्वनीसाठी जवळजवळ शंभर वर्षं बदनाम होता. त्या घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगून तो आवाज आवरायचा उद्योग नेमका १९६९ मध्येच झाला. आजही त्या तिथे लटकलेल्या दिसतात, उलट्या टांगलेल्या मश्रूमसारख्या.

या सगळ्यात लॉर्डचं एक नशीब चांगलं होतं, ते म्हणजे माल्कम अर्नल्ड. हे स्वतः नावाजलेले संगीतकार, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या संगीताला ऑस्कर मिळालेले. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तरुणपणी लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रम्पेट वाजवलेले. म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या माणसांच्या कुरबुरी, आळस आणि अहंकार हे सगळं आतून माहीत असलेला माणूस. त्यांनी लॉर्डचं काम पाहिलं आणि कंडक्ट करायला होकार दिला. नुसता होकार नाही, ते त्या पोराच्या मागे उभे राहिले.

त्याची गरजही पडली. रॉयल फिलहार्मोनिकच्या वादकांना हा सगळा प्रकार पोरकट वाटत होता. पहिली तालीम वाईट झाली. एका चेलोवादक बाईंनी उठून, आपण असल्या दुय्यम बीटल्सबरोबर वाजवायला या ऑर्केस्ट्रात आलेलो नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं, असं बँडवाले पुढे अनेक वर्षं सांगत. लोक मुद्दाम अर्ध्या मनाने वाजवत होते. शेवटी अर्नल्ड भडकले आणि त्यांनी वादकांची खरमरीत हजेरी घेतली. आज रात्री इतिहास तर घडणारच आहे, तेव्हा जोडीला जरा संगीतही वाजवूया, असं ते म्हणाल्याचं सांगतात. आपल्याच बिरादरीतला माणूस बोलला की लागतं. मग गाडी रुळावर आली.

बँडमध्ये तरी सगळं आलबेल कुठे होतं? गिटारवादक रिची ब्लॅकमोरला हे मुळीच पसंत नव्हतं. त्याला जोरदार, आडदांड रॉक वाजवायचं होतं. आणि गिलनसाहेबांनी दुसऱ्या भागातल्या गाण्याचे शब्द कार्यक्रम तोंडावर येईपर्यंत लिहिलेच नव्हते. शेवटच्या घटकेला जेवणाच्या टेबलावर रुमालावर खरडले म्हणतात. (प्रत्येक टीममध्ये एक गिलन असतोच. आणि वैताग म्हणजे त्याचं काम वेळेत होतंही.)

रात्रीचा बेत असा होता: आधी अर्नल्ड यांची स्वतःची सहावी सिम्फनी, मग बँडची तीन गाणी, मग कॉन्चेर्टो. बीबीसीने चित्रीकरण केलं. रेकॉर्डिंग झालं. शेवटी लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, म्हणून तिसऱ्या भागाचा तुकडा पुन्हा वाजवला.

आता संगीत कसं आहे? कॉन्चेर्टो म्हणजे ढोबळमानाने एक वाद्य विरुद्ध सगळा वाद्यवृंद. जुन्या काळी, कोरेल्ली आणि हँडेलच्या वेळी, एका वाद्याऐवजी एक छोटा गट विरुद्ध बाकीचे, असाही प्रकार असे. लॉर्डने तोच घेतला आणि छोट्या गटाच्या जागी रॉक बँड ठेवला. पहिल्या भागात दोघं शत्रू. ऑर्केस्ट्रा लांबलचक प्रस्तावना करतो, बँड दार लाथाडून आत येतो, मग एकाने बोललेलं दुसरा खोडून काढतो. दुसऱ्या भागात दोन हळुवार सुरावटी, गिलनचं गाणं, थोडं ब्लूज, जरा दिलजमाई. तिसऱ्यात दोघं मिळून पळत सुटतात आणि मध्ये इयन पेसचा ड्रम्सचा तुकडा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर शिवण दिसते. पहिल्या भागात ऑर्केस्ट्राचा बराच मजकूर जुन्या इंग्रजी सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखा वाटतो, आता कोणीतरी घोड्यावरून येणार असं वाटत राहतं. बँड आला की बऱ्याच वेळा ऑर्केस्ट्रा नुसता थांबतो, आणि ऑर्केस्ट्रा आला की बँड. संवाद म्हणण्यापेक्षा पाळ्या लावल्यासारखं. हे आक्षेप तेव्हाही घेतले गेले. शास्त्रीयवाल्यांना ते ठिगळकाम वाटलं आणि रॉकवाल्यांपैकी अनेकांना भपका. माझं मत विचाराल तर दुसरा भाग खरा आहे. तिथे तो माणूस काहीतरी सिद्ध करायचं विसरून गेलाय. आणि नेमका तोच भाग एलपीवर मधोमध तोडावा लागला, कारण एका बाजूला मावेना. अर्धा ऐकून उठायचं, तबकडी उलटायची, पुढचा अर्धा ऐकायचा.

आल्बम इंग्लंडच्या यादीत २६ व्या क्रमांकापर्यंत गेला. आकडा किरकोळ, पण बँडचा तिथे यादीत आलेला हा पहिलाच आल्बम. अमेरिकेत जेमतेम १४९. मात्र नाव झालं आणि त्यातूनच वैताग सुरू झाला. लोकांना वाटायला लागलं की हे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारे. कुठे कार्यक्रमाला जावं तर तुमचा ऑर्केस्ट्रा कुठाय अशी विचारणा. ब्लॅकमोरने लॉर्डपुढे सरळ पैज मांडली: पुढचा आल्बम पूर्ण रॉक करू, तो पडला तर मी जन्मभर ऑर्केस्ट्राबरोबर वाजवीन. जून १९७० मध्ये 'डीप पर्पल इन रॉक' आला, इंग्लंडमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, आणि विषय मिटला. 'स्मोक ऑन द वॉटर' १९७२ चं, म्हणजे आमच्या होस्टेलवरच्या त्रासाचं मूळ याच पैजेत आहे.

कॉन्चेर्टो आणखी एकदा वाजला, २५ ऑगस्ट १९७० ला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये. तिथून पुढे स्कोअर गायब.

जाळला नाही, फाडला नाही, कोणी चोरलाही नसेल. हरवला. एकच हस्तलिखित, एक बँड सतत फिरतीवर, त्यातल्या चौघांना तो प्रकार पुन्हा करायचाच नाही. असा कागद जपणार कोण? पुढे जग डीप पर्पलला ओळखायला लागलं, बँड फुटला, परत जुळला, आणि लॉर्डला कोणी विचारलं की कॉन्चेर्टो पुन्हा का करत नाही, तर उत्तर एकच: कसा करणार? कागदच नाही.

मला हे वाचून जे वाटलं त्याला एक कारण आहे. २०११ च्या सुमारास आमच्याकडे एक काम आलं. क्लायंटकडे व्याजाचा हिशोब करणारा पंधरा वर्षं जुना प्रोग्रॅम होता. चालत होता, पण नवीन मशीनवर चालेना. म्हटलं सोर्स द्या, बदलून देतो. सोर्स नव्हता. ज्याने लिहिला तो निवृत्त होऊन वारला होता, आणि ज्या मशीनवर लिहिला ती भंगारात गेली होती. उरली होती फक्त चालणारी एक्झी. मी आणि एक ज्युनियर, आठ महिने एकच काम केलं: त्या प्रोग्रॅमला आकडे द्यायचे, तो काय उत्तर देतो ते लिहून घ्यायचं, आणि त्यावरून आत काय असेल याचा अंदाज बांधायचा. कधी न भेटलेल्या एका माणसाच्या डोक्यात आठ महिने राहिलो. त्याच्या सवयी कळायला लागल्या. तो कुठे घाईत होता, कुठे त्याला काम आवडलं होतं, हेसुद्धा.

तर, मार्को दे गोई. हा एक डच संगीतकार. याने नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेच केलं, पण आमच्यापेक्षा हजारपट अवघड. त्याच्याजवळ होता तो आल्बम आणि बीबीसीचं चित्रीकरण. ते पुन्हा पुन्हा ऐकून आणि पुन्हा पुन्हा बघून त्याने अख्खा स्कोअर परत लिहायला घेतला. कानाने.

हे किती कठीण आहे याचा विचार करून बघा. आम्ही निदान प्रोग्रॅमला हवा तो प्रश्न विचारू शकत होतो. रेकॉर्डिंगला प्रश्न विचारता येत नाही, ते दर वेळी तेच बोलतं. वीस-पंचवीस ओळी मिसळून दोन स्पीकरमधून बाहेर आलेल्या, त्या परत वेगळ्या करायच्या. बासरी आणि क्लॅरिनेट एकच सुरावट एकत्र वाजवत असतील तर कान एक तिसरंच वाद्य ऐकतो. व्हिओला तर चांगल्या दिवशीही ऐकू येत नाहीत (व्हिओलावाल्यांवरचे विनोद उगीच नाहीत). आणि पेसने ड्रम्सवर धुमाकूळ घातला असताना दुसरी व्हायोलिनं खाली काय करत होती? तिथे चित्रीकरण कामाला येतं, निदान तेव्हा कोणाचा बो हलतोय एवढं दिसतं. पण कॅमेरा हवा तिथे वळलेला असेलच असं नाही. जिथे काहीच हाती लागत नाही तिथे त्या माणसासारखा विचार करून भरायचं. इथे लॉर्डने काय लिहिलं असतं?

आणखी एक पेच, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये सापडतं ते त्या रात्री वाजलेलं. लिहिलेलं नाही. मोजक्या तालमी झालेला, अर्धवट नाराज ऑर्केस्ट्रा, दोन घड्याळांचा ताल. एखादा हॉर्न अर्धा ठोका उशिरा आला, तर तो लॉर्डने तसा लिहिला म्हणून, की वादक चुकला म्हणून? कागदावर काय उतरवायचं?

आमच्या प्रोग्रॅममध्ये पूर्णांक करण्याची एक चूक होती. एका विशिष्ट परिस्थितीत काही पैसे जास्त लागायचे. चूकच ती, शंका नाही. पण पंधरा वर्षांचे सगळे हिशोब त्या चुकीसकट बसलेले. आम्ही विचारणार कोणाला? लिहिणारा नव्हता. शेवटी चूक तशीच ठेवली, शेजारी कॉमेंट टाकली, आणि आकडे शेवटच्या पैशापर्यंत जुळले. पार्टी केली. घरी येताना मात्र वाटत राहिलं की त्या माणसाला चूक सुधारायला नक्की आवडलं असतं.

दे गोईचं भाग्य असं की त्याचा माणूस जिवंत होता. त्याने केलेलं काम लॉर्डच्या हातात गेलं. कल्पना करा, तीस वर्षांपूर्वी हरवलेला तुमचा कोड एक अनोळखी पोरगा नुसत्या आउटपुटवरून लिहून आणतो! मग लॉर्ड आणि कंडक्टर पॉल मान यांनी दे गोईबरोबर बसून राहिलेल्या जागा भरल्या. आणि लॉर्डने तेच केलं जे मी केलं असतं: हात लागलाच आहे तर जुन्या चुका दुरुस्त केल्या. अठ्ठावीस वर्षांचा असताना घाईत लिहिलेलं काम अठ्ठावन्नाव्या वर्षी परत उघडायला मिळणं, हे कोणाच्या नशिबी येतं!

२५ आणि २६ सप्टेंबर १९९९, तोच अल्बर्ट हॉल, म्हणजे पहिल्या प्रयोगाला तीस वर्षं आणि वर एक दिवस. या वेळी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, समोर पॉल मान. लॉर्ड, गिलन, ग्लोव्हर आणि पेस तेच. ब्लॅकमोर १९९३ मध्येच कायमचा बाहेर पडला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स. या मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. या ऑर्केस्ट्रातली माणसं रॉक ऐकत वाढलेली. कोणाची हजेरी घ्यावी लागली नसणार. पुढच्या दोन वर्षांत हा कॉन्चेर्टो ठिकठिकाणच्या ऑर्केस्ट्रांबरोबर वाजला. तीस वर्षांत दोन प्रयोग झालेली गोष्ट दौऱ्यावर निघाली, कारण आता पार्ट्सचे गठ्ठे होते, कोणालाही पाठवता येत होते. २००२ मध्ये लॉर्डने बँड सोडला आणि असलंच लेखन करत राहिला.

बँडला त्या आल्बमचं फारसं कधी कौतुक नव्हतं. ब्लॅकमोरला तर तो वाटेतला दगड वाटायचा. समीक्षकांनी बाजूला टाकला, विक्री यथातथा. पण स्कोअर गेला तेव्हा तोच एकमेव बॅकअप उरला होता. बॅकअप म्हणून कोणी घेतलाच नव्हता तो, दोन पैसे सुटावेत म्हणून टेप लावली होती.

२०११ मध्ये लॉर्डला कर्करोग झाल्याचं कळलं. त्याच सुमारास रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक आणि पॉल मान यांच्याबरोबर कॉन्चेर्टोचं पहिलं स्टुडिओ रेकॉर्डिंग झालं. तोवर जे काही होतं ते सगळं मैफलीतलं, एकदाच्या हिशोबाचं. इथे प्रथमच थांबून, तपासून, हवं तसं. हॅमंड ऑर्गनवर तो स्वतः. शेवटचं मिक्सिंग त्याने ऐकलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ जुलै २०१२ ला, तो गेला. आल्बम त्या वर्षीच्या शरद ऋतूत आला. अर्नल्ड आधीच गेले होते, २३ सप्टेंबर २००६ ला. एक दिवस थांबले असते तर कॉन्चेर्टोच्या ३७ व्या वाढदिवशी.

माझ्याकडे आता तिन्ही आवृत्त्या आहेत. २०१२ ची सगळ्यात स्वच्छ. प्रत्येक ओळ ऐकू येते, व्हिओलासुद्धा. कोणाला पहिल्यांदा ऐकवायचं असेल तर मी तीच लावतो.

स्वतःसाठी मात्र १९६९. पहिल्या भागात एक जागा आहे, जिथे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि ब्लॅकमोर एकटा वाजवतो. अशा जागी वादकाला मोकळीक असते. म्हणजे हा तुकडा स्कोअरमध्ये नव्हताच. हरवलेलं ते बाड उद्या एखाद्या माळ्यावर सापडलं, तरी त्या पानावर इथे फक्त मोकळी जागा असणार. दे गोईने सगळं परत लिहून काढलं, पण हे परत लिहायचं कोणासाठी? मॉर्सने तिथे आपलं वाजवलं, २०१२ मध्ये आणखी वेगळ्या गिटारवादकाने त्याचं. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला अजिबात खूश नसलेला एक चोवीस वर्षांचा पोरगा नव्वद-शंभर माणसांना ताटकळत ठेवून जे वाजवतो, ते फक्त त्या एका टेपवर आहे. ऑर्केस्ट्रा परत सुरू होतो तेव्हा, हेडफोन नीट लावले असतील तर, तो एकसाथ सुरू होत नाही हे ऐकू येतं.